तोळाभर चांदी, राणीचा छाप

हिंदुस्तानच्या रुपयावर व्हिक्टोरिया राणी कधी म्हातारी झालीच नाही. १८६२ साली मुकुट घातलेली, नक्षीदार पोशाखातली तिची छबी चांदीच्या रुपयावर आली, तेव्हा ती ४३ वर्षांची होती आणि नवरा जाऊन तिला वर्षही झाले नव्हते. पुढे ब्रिटनमधल्या नाण्यांवरचा तिचा चेहरा दोनदा बदलला. १८८७ साली राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एकदा, आणि १८९३ साली डोक्यावरून ओढणी घेतलेली वृद्धा दाखवून दुसऱ्यांदा. इकडे मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनी, बारीकसारीक फरक सोडले तर, तीच भरल्या गालांची बाई शेवटपर्यंत चालवली. जानेवारी १९०१ मध्ये राणी ८१व्या वर्षी वारली. त्या वर्षाच्या रुपयावरही ती चाळिशीचीच दिसते.

या देशात तिने कधी पाऊल ठेवले नाही, पण मराठी घरात तिचा मुक्काम मोठा. देवघरातल्या डब्यात, लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात, आजीच्या ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत. लोकांनी या रुपयाला राणीछाप म्हटले आणि तिच्यामागून आलेल्या एडवर्ड-जॉर्जच्या रुपयांना राजाछाप. नाव चित्रावरून पडले याला कारणही आहे. १८६२ ते १९०१ या काळातल्या रुपयावर इंग्रजीखेरीज एकाही लिपीतले अक्षर नाही. ज्यांच्या हातात तो रोज फिरत होता त्यांतल्या बहुतेकांना त्यावरचे काहीच वाचता येत नव्हते.

पण त्याआधी इथल्या रुपयावर चेहराच नसे. जहांगीर बादशहाने आपली छबी असलेल्या सोन्याच्या मोहरा पाडल्या, तो अपवाद. एरवी मोगली रुपया म्हणजे दोन्ही बाजूंना फारसी अक्षरे. शिवाजी महाराजांच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढेच. पेशवाईत मराठ्यांच्या मुलखात चाललेले चांदवडी, अंकुशी असे रुपये तर नावाला मोगल बादशहाचेच होते. अक्षरे फारसी, ओळखीचे चिन्ह तेवढे स्थानिक. अंकुशीवरचा अंकुश हे त्याचे ठळक उदाहरण.

राजाचे नाव घालण्याचा उद्योग इंग्रजांनी मुंबईत फार लवकर करून पाहिला होता. १६७७ सालचा ‘रुपी ऑफ बॉम्बेम’ हा त्याचा नमुना. त्यावर दुसऱ्या चार्ल्सच्या अधिकाराने हा रुपया पाडल्याचे इंग्रजीत लिहिले होते. हद्दीबाहेरच्या बाजारात तो चालेना. औरंगजेबाच्या काळाचा इतिहासकार खाफीखान सांगतो, की आपल्या मुलखालगत परक्या राजाच्या नावाने रुपये पडतात हे कळताच बादशहा संतापला. ईस्ट इंडिया कंपनीने मग शहाणपण केले आणि मोगल बादशहाच्याच नावाने रुपये पाडायला लागली. १७१७ साली फर्रुखसियरकडून मुंबईत तसे करण्याची रीतसर परवानगीही मिळाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे कंपनी मुलूख जिंकत राहिली आणि नाण्यावर नाव मात्र दिल्लीचेच ठेवत राहिली. शाहआलमच्या राज्याची ठरावीक वर्षे कोरलेले तिचे रुपये तर तो बादशहा मेल्यानंतरही पडत होते.

या गोंधळात चांदी होई ती सराफाची. सुरती, अर्काटी, फर्रुखाबादी, सिक्का, चांदवडी, अंकुशी… प्रत्येकाचे वजन वेगळे, कस वेगळा. एकाच टांकसाळीचा रुपया जुना झाला की त्यावर बट्टा कापला जाई. वसूल भरायला निघालेला पाटील, माल विकून परतणारा व्यापारी, पगार घेऊन गावी आलेला शिपाई, सगळ्यांना सराफाच्या ओट्यावर थांबावेच लागे. पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांनी पुण्याच्या मुलखात अंकुशी रुपया काही वर्षे चालू ठेवला. लोकांचा हात त्याला सरावला होता, तो एकदम बदलण्याची घाई सरकारला परवडली नसती.

हा गुंता १८३५ साली सुटला. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, एक भाग हिणकस. हे वजन ठरवण्याच्या खटपटीत कलकत्त्याच्या टांकसाळीतला कस तपासणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप आघाडीवर होता. दोन वर्षांनी अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडून जगप्रसिद्ध झालेला प्रिन्सेप तो हाच. तोळ्याचे वजनही १८३३ सालीच १८० ग्रेन ठरवले गेले होते. एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. वजनाचे माप आणि पैसा एकाच चकतीत आल्यावर दुकानदाराने तराजूच्या एका पारड्यात सरळ रुपयेच टाकायला सुरुवात केली. मराठीत रुपयाभार हे वजन झाले आणि वैद्याच्या पाठापासून हळद-हिंगाच्या हिशेबापर्यंत रुळले.

सोळा आण्यांचा रुपया, त्याच्या खाली अधेली, पावली, चवली. सगळी चांदीची.

या पहिल्या रुपयावर चौथ्या विल्यमचे उघडे डोके होते, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि फारसीत ‘यक रुपिया’. विल्यम १८३७ साली वारला. त्याचा रुपया मात्र १८३५ हे साल कपाळी घेऊन आणखी तीन वर्षे पडत राहिला. व्हिक्टोरियाचा पहिला रुपया १८४० सालचा. त्यावरची कोवळी, केस बांधलेली राणी विल्यम वायन या नामांकित इंग्रज खोदकामगाराच्या हातची. मानेच्या कापावर त्याची आद्याक्षरेही दिसतात. हा रुपया कंपनीचे राज्य संपेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही थोडा काळ पडत होता, आणि साल तेच, १८४०. म्हणून घरात १८४०चा रुपया सापडला म्हणजे तो त्याच वर्षी पडला असे नाही. तो १८५७च्या धामधुमीतला असू शकतो.

साल गोठवण्याची ही सरकारी सवय संग्राहकांच्या पथ्यावर पडली. १८६२चा रुपया १८७४पर्यंत त्याच सालाने पाडला गेला. तेव्हा एक वर्षाचे काम दुसऱ्यापासून ओळखायचे कसे? मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. कधी सालाच्या खाली, कधी वर, कधी दोन्हीकडे. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. ते टांकसाळीच्या अंतर्गत हिशेबासाठी होते. आज भिंग घेऊन बसलेला माणूस हेच ठिपके मोजतो. एक ठिपका जास्त म्हणून एका रुपयाची किंमत शेजारच्या रुपयाच्या कित्येक पट होते. फ्रेड प्रिडमोर या इंग्रज अभ्यासकाने १९७५ आणि १९८० साली ब्रिटिश हिंदुस्तानच्या नाण्यांची जी मोठी सूची छापली, तिने या ठिपक्यांना, छबीच्या आणि मागच्या नक्षीच्या उपप्रकारांना क्रमांक दिले. तेव्हापासून राणीछाप रुपयाला व्याकरण आले म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या या टांकसाळीची इमारत अजून उभी आहे. फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या शेजारी, पुढे खांबांची रांग असलेली. १८२०च्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स याने ती बांधली आणि इंग्लंडहून वाफेची इंजिने आणून बसवली. हातोड्याने पाडलेल्या जुन्या रुपयात छाप कधी अर्धवट बसे, कडा वेड्यावाकड्या असत आणि कातरून चांदी काढून घ्यायला फार हुशारी लागत नसे. यंत्राचा रुपया मात्र वर्तुळाकार, कडेला दातेरी. कडा कातरली की लगेच कळे. यंत्राला हिंदीत कल म्हणतात, म्हणून तो कलदार.

कलदार ही ओळख सर्वांत जास्त काळ टिकली मराठवाड्यात. तिथे निजामाचा स्वतःचा हाली सिक्का होता. त्याच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर राजाचा चेहरा नव्हता, चारमिनार होता. सात हाली रुपयांना सहा कलदार असा साधारण भाव. औरंगाबादेहून मनमाडला, उस्मानाबादेहून बार्शी-सोलापूरला बाजाराला जाणाऱ्याला हद्द ओलांडताच डोक्यात सातसहाचे त्रैराशिक मांडावे लागे. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले तरी हाली पैसा १९५०च्या दशकाच्या अखेरपर्यंत पुरता गेला नव्हता.

गोव्यात चेहरा पोर्तुगालच्या राजाचा. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याची नाणी ब्रिटिशांच्या टांकसाळीत पडू लागली, आणि पहिल्या लुईशच्या छबीचा १८८१-८२चा रुपिया वजनाने आणि कसाने इंग्रजी रुपयाचे जुळे भावंडच. पुढे कार्लुशचा आला, आणि १९१०च्या क्रांतीत राजाच गेल्यावर प्रजासत्ताकाचा. बडोद्यात तर मराठी राजाचाच चेहरा रुपयावर आला. तिसऱ्या सयाजीरावांच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर पगडीतले महाराज आहेत, सोबत देवनागरीत नाव आणि ‘सेना खासखेल समशेर बहादूर’ हा गायकवाडांचा जुना किताब. मराठी माणसाने एकच राजाछाप रुपया जमवायचा ठरवले तर तो हा असावा. राणीछाप शेकड्याने मिळतात. देवनागरीत बोलणारा, माणसाचा चेहरा असलेला चांदीचा रुपया मात्र विरळा. देवासच्या पवारांनी आपल्या तांब्याच्या नाण्यांवर राणीलाच बसवले होते. कच्छच्या रावांनी तर आणखी मजेदार नोंद करून ठेवली आहे. आठवा एडवर्ड १९३६ साली वर्षभराहून कमी काळ राजा होता आणि ब्रिटिश हिंदुस्तानात त्याचा रुपया निघालाच नाही. कच्छच्या चांदीच्या कोरीवर मात्र त्याचे नाव आहे, चेहरा नाही.

आता मुद्दा असा, की लोकांनी विश्वास ठेवला तो त्या तोळाभर चांदीवर. चेहरा ही त्या चांदीची हमी, एवढेच. १८९३पर्यंत कोणालाही चांदी घेऊन टांकसाळीत जाता येई आणि नाणेपाडणीचा खर्च देऊन रुपये करून आणता येत. त्यामुळे रुपया आणि त्यातली चांदी यांच्या किमतीत फार फरक पडत नसे. दुष्काळात बायकोचे वाळे मोडले तर तोळ्याला जवळजवळ रुपया मिळे. पण १८७०नंतर जगभर चांदी घसरू लागली. जर्मनीने चांदीचे चलन सोडले, अमेरिकेत नव्या खाणी लागल्या. लंडनला पौंडात पैसे पाठवावे लागणाऱ्या हिंदुस्तान सरकारचा हिशेब बिघडला. शेवटी २६ जून १८९३ रोजी टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद झाल्या आणि पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर बांधला गेला.

त्या दिवसापासून रुपया आणि चांदी यांची सोडचिठ्ठी झाली. राणीचा चेहरा असलेला तोळा एका भावाने, आणि वाळ्या-तोरड्यांतला तोळा त्याहून कमी भावाने. घरातली चांदी हीच ज्यांची बँक, त्यांची ठेव एका कायद्याने उतरली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्यात सरकारी शिलकीचे गमक त्यांनी इथेच दाखवले. रुपया कृत्रिमरीत्या महाग केला, त्यामुळे कराचा आकडा तोच राहूनही कर वाढला, असा त्यांचा युक्तिवाद. दोन दशकांनी, १९२३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. मोगली मोहर-रुपयापासून १८३५, १८९३ असा सारा प्रवास त्यांनी त्यात धांडोळला आहे. राणीछाप जमवणाऱ्या मराठी माणसाच्या कपाटात प्रिडमोरच्या शेजारी तो ग्रंथ नसेल, तर त्याच्याकडे नाणी आहेत पण त्यांची गोष्ट नाही.

राणीनंतर १९०३ साली सातवा एडवर्ड रुपयावर आला तो बोडक्या डोक्याने. मुकुट मागच्या बाजूला, कमळाच्या देठांच्या वर. चाळीस वर्षे मुकुटधारी राणी पाहिलेल्या देशाला हा राजा जरा उघडा वाटला असेल. दे सॉल्स या खोदकामगाराचे हे काम नजाकतीचे आहे, आणि ‘यक रुपिया’ ही फारसी अक्षरेही त्यावर परत आली.

पण गंमत खरी पाचव्या जॉर्जच्या १९११च्या रुपयाची. राजाच्या झग्यावर मानाची साखळी आहे आणि तिच्यात एक हत्ती. कोरणाऱ्याने हत्ती इतका ठेंगणा आणि आखूड सोंडेचा काढला, की तो डुक्कर असल्याची आवई उठली. मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारने तो रुपया मागे घेतला, टांकसाळीत पडून होते ते वितळवले, आणि १९१२च्या रुपयावर सोंड, कान आणि पाय ठसठशीत असलेला हत्ती आला. नाणीबाजारात १९११च्या रुपयाला ‘पिग रुपी’ म्हणतात. बाहेर पडलेले मुळात थोडे, म्हणून त्याला मागणी. नवशिक्या संग्राहकाला हा रुपया हमखास दाखवला जातो, आणि १९१२चा शेजारी ठेवल्याशिवाय फरक पटकन कळत नाही.

पहिल्या महायुद्धात चांदीचा रुपया सरकारला नाकीनऊ आणणारा ठरला. फौजेचा पगार, ज्यूट, कातडे, धान्य, सगळ्याची किंमत रुपयांत चुकवायची. आणि हाती आलेला रुपया लोक परत सोडत नव्हते. चांदी इतकी महागली, की रुपयाचे दर्शनी मोल त्यातल्या धातूपेक्षा कमी होण्याची वेळ आली. १९१७ साली नाणी वितळवायला बंदी आली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सरकारने एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचेच चित्र होते! लोकांना ते चित्र फारसे पटले नाही. नोटा घेऊन चांदीसाठी मुंबईच्या करन्सी ऑफिसपुढे गर्दी होऊ लागली. १९१८च्या वसंतात तिजोरीतले रुपये संपत आले, तेव्हा अमेरिका धावून आली. तिथल्या पिटमन कायद्याने २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातल्या बहुतेकांची चांदी इंग्रजांना विकली, ती हिंदुस्तानसाठी. १९१८ या एका सालाचे चाळीस कोटींहून अधिक रुपये मुंबई-कलकत्त्यात पडले. म्हणून आजही सराफाकडे मूठभर राजाछाप मागितले तर निम्मे १९१८ ते १९२०चे निघतात. त्यांतल्या कित्येकांच्या पोटात अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीची चांदी आहे.

या पुरामुळे १९२२नंतर जॉर्जचे पूर्ण रुपये पाडण्याची गरजच उरली नाही. पुढचे रुपये थेट सहाव्या जॉर्जचे. त्यांत १९३९चा रुपया आज संग्राहकांच्या स्वप्नात येतो, कारण बाहेर पडण्याआधीच बहुतेक वितळले गेले. दुसरे महायुद्ध पेटले, लोक पुन्हा चांदीवर तुटून पडले. १९४० साली सरकारने गरजेपलीकडे नाणी साठवणे गुन्हा ठरवले आणि एक रुपयाची नोट पुन्हा आणली. त्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आली. सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५चा कोणताही रुपया पन्नास टक्केच चांदीचा आहे. कडेच्या खाचेत बारीक नक्षी दिसली की ओळखायचा. लाहोरची नवी टांकसाळही या धावपळीत सुरू झाली, तिच्या नाण्यावर ‘एल’ हे अक्षर आहे. घरातल्या सगळ्या राजाछापांना सारखेच ‘अस्सल चांदी’ समजणाऱ्यांना हा फरक मोडीच्या दुकानात कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग एकेक राजाला निरोप देण्यात आला. राणीचा रुपया १९४१ साली चलनातून गेला, एडवर्डचा १९४२ साली, दोन्ही जॉर्जचे चांगल्या चांदीचे १९४३ साली. खजिन्यात आलेले सगळे भट्टीत गेले. युद्धात अमेरिकेकडून पुन्हा एकदा चांदी आली होती, या वेळी उसनी, सुमारे २२ कोटी ६० लाख औंस. ती फेडण्यासाठी स्वतंत्र भारताने आपल्या निम्म्या चांदीच्या रुपयांतून चांदी गाळून काढली. हे देणे १९५७ साली फिटले. १९४७ साली रुपया निकेलचा झाला आणि १९५० साली राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

एवढ्या भट्ट्यांतून वाचले ते कोणते? घरात राहिलेले. लमाणी बायकांच्या गळ्यातल्या माळांत डाख देऊन कड्या बसवलेले, वाड्याच्या पायात पुरलेल्या हंड्यातले, कलशात सुपारीबरोबर ठेवलेले, लेकीच्या लग्नासाठी बांधून ठेवलेले. पूर्वी व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटांच्या पुतळ्या होऊन पुतळीहारात गेल्या, तसाच हा प्रकार. नाणे दागिन्यात गेले म्हणून वाचले, पण संग्राहकाच्या दृष्टीने कडी लावलेला रुपया जखमी. त्याची किंमत चांदीच्या भावापुरतीच.

दुसरी जखम मराठी घरांत जास्त आढळते, आणि ती प्रेमाने केलेली असते. दिवाळी आली की रुपये चिंच, रांगोळी किंवा दंतमंजन लावून घासायचे. काळपटपणा निघतो, रुपया चकाकतो, आणि राणीच्या केसांच्या बटा, नाकाची धार, मागच्या वेलबुट्टीची रेघ दर वर्षी थोडी थोडी नाहीशी होते. शंभर वर्षांत जमलेली ती राखी-निळसर छटा हा रुपयाचा जन्मदाखला आहे. जाणकार माणूस घासलेला रुपया बोटांत धरून न बोलता बाजूला ठेवतो.

खोटेही पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुमारास बाजारात नवे ‘राणीछाप’ येतात. काही नुसत्या पांढऱ्या धातूचे, काही कमी कसाच्या चांदीचे, काहींवर राणी जिवंतच नसलेल्या वर्षांची साले. पारख अवघड नाही. खरा रुपया वजनाला ११.६६ ग्रॅमच्या आसपास, झिजेने किंचित कमी. जड निघाला तर शंका घ्यावी. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात. दगडावर टाकला तर आवाज लांबतो की मध्येच मरतो, हे जुन्या सराफांचे कान अजूनही सांगतात. संग्राहकांना मात्र ही पारख पसंत नाही, नाण्याच्या कडेला इजा होते. तराजू आणि भिंग पुरे.

आणि ते १८१८चे ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे, ज्याच्यावर रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मी आहे? कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. तांदूळ खेचते, विजेसारखी शक्ती आहे असल्या थापा मारून ते लाखोंना विकले जाते. जुनी नाणी कोट्यवधींना विकून देतो, आधी कमिशन भरा, असे फोन आणि संदेश येतात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून चाललेल्या या फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशाराही दिला. बँक असल्या व्यवहारात नाही आणि कमिशन घेत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. जुना वाडा पाडताना हंडा सापडला तर तो मजुराचा किंवा घरमालकाचा आपोआप होत नाही. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. दहा रुपयांची ती मर्यादा खुद्द राणीच्या राज्यातली. दुसरे म्हणजे शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला आजोबांचा १९१८चा रुपया पाठवण्याची हौस त्यामुळे अंगलट येऊ शकते.

ज्याला हे जग जवळून पाहायचे असेल त्याने मुंबईत फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात जावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे. पुण्यात भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनांत टेबलामागचे विक्रेते ठिपके, मुंबई टांकसाळीचे ‘बी’ अक्षर आणि हत्तीची सोंड यांवर तासभर बोलायला तयार असतात.

आणि घरातला डबा उघडाल तेव्हा एवढे करा. रुपया कडेने धरा, घासू नका. साल पाहा, मागच्या बाजूच्या खालच्या भागात ठिपका किंवा ‘बी’ आहे का ते भिंगाने बघा. वजनावर विकायला नेण्याआधी एखाद्या संग्राहकाला दाखवा. आणि तो रुपया घरात कोणाकडून आला, कोणाच्या लग्नात किंवा कोणत्या व्यवहारात, हे माहीत असणारे माणूस घरात अजून असेल, तर ते कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा. ही माहिती कोणत्याही सूचीत मिळणार नाही.